रोजकीर्दीत आहे, खातेवहीत नाही

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत, वक्तृत्वस्पर्धांच्या भाषणांत आणि प्रश्नमंजूषेच्या कार्डांवर एका विशिष्ट साच्याचे वाक्य भेटत असते: 'लुईस आणि क्लार्क या अमेरिकन प्रवाशांनी १८०४ ते १८०६ या काळात खंड ओलांडला आणि १७८ वनस्पती व १२२ प्राणी यांचा शोध लावला.' आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पॉल रसेल कटराइट या अभ्यासकाने १९६९ साली या दोघांच्या निसर्गनिरीक्षणावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यानंतर हेच आकडे सर्वत्र दिले जातात. तक्रार आहे ती 'शोध लावला' या दोन शब्दांबद्दल.

यात कॉमर्सवाल्याने नाक का खुपसावे, असे आमचे सायन्सचे मित्र विचारतील. उत्तर सोपे आहे. एक तर ही मोहीमच मुळात व्यापारासाठी निघाली होती. अध्यक्ष जेफरसन यांनी जून १८०३ मध्ये लुईसला ज्या लेखी सूचना दिल्या त्यांत मुख्य उद्देश स्पष्ट आहे: मिसुरी नदी धरून वर जायचे आणि पॅसिफिकपर्यंत व्यापाराला सोयीचा जलमार्ग आहे का ते पाहायचे. दुसरे असे की, या प्रवाशांनी ज्या वह्या लिहिल्या त्यांना सगळे जग 'जर्नल्स' म्हणते. आणि जर्नल म्हणजे काय हे कॉमर्सवाल्यांनी नाही सांगायचे तर कोणी? मराठीत आम्ही तिला रोजकीर्द म्हणतो. व्यवहार घडला त्याच दिवशी, कोणाकडून काय आले आणि कोणाला काय गेले, हे तारखेसह लिहायची ती वही. तिच्यावरून पुढे खातेवहीत खतावणी होते. माझे म्हणणे एवढेच, की या मोहिमेच्या रोजकीर्दीत जे व्यवस्थित लिहिलेले आहे ते खातेवहीत उतरलेले नाही. चूक खतावणीतली आहे.

थोडी पार्श्वभूमी. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना नावाचा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरला विकत घेतला. त्या जमिनीवर राहणाऱ्यांना या विक्रीची खबरही नव्हती, पण तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. मोहिमेसाठी काँग्रेसने अडीच हजार डॉलर मंजूर केले. शेवटी खर्च झाला अडतीस हजारांच्या वर. (अंदाजपत्रक आणि प्रत्यक्ष खर्च यांच्यातले हे अंतर पाहून आपल्या स्नेहसंमेलनाच्या खजिनदारांना धीर यावा!) मेरिवेदर लुईस हा जेफरसनचा खासगी सचिव. त्याची आई झाडपाल्याची औषधे देणारी म्हणून प्रसिद्ध होती. त्याला निघण्यापूर्वी फिलाडेल्फियाला पाठवून तिथल्या विद्वानांकडून वनस्पती ओळखण्याचे आणि नमुने टिकवण्याचे धडे देण्यात आले. विल्यम क्लार्क हा त्याचा जुना लष्करी सोबती. जेफरसनच्या सूचनांत झाडांना पालवी केव्हा फुटते, फुले केव्हा येतात इथपासून नामशेष समजल्या गेलेल्या प्राण्यांपर्यंत सगळ्यांच्या नोंदी मागितल्या होत्या. पश्चिमेत कुठेतरी मॅमथ हत्ती अजून जिवंत असेल अशी त्यांना आशा होती. मॅमथ सापडला नाही. मे १८०४ मध्ये सेंट लुईसजवळून निघालेले हे लोक मिसुरीच्या उलट प्रवाहाने वर गेले, रॉकी पर्वत ओलांडून कोलंबिया नदीने पॅसिफिकला पोहोचले आणि २३ सप्टेंबर १८०६ ला परत आले.

त्यांच्या नोंदी वाचताना पहिल्याने जाणवते ती त्यांची चिकाटी. ७ सप्टेंबर १८०४ ची गोष्ट पाहा. गवताळ माळावर त्यांना खारीच्या जातीच्या एका लहान प्राण्याची वस्तीच दिसली. शेकडो बिळे, आणि प्रत्येक बिळाच्या तोंडाशी उभा राहून शीळ घालणारा मालक. फ्रेंच नावाडी त्याला 'छोटा कुत्रा' म्हणत. पुढे इंग्रजीत 'प्रेअरी डॉग' हे नाव रूढ झाले. जिवंत पकडायचा म्हणून त्यांनी सहा फूट खणले, मग काठी घालून पाहिली तर अर्धेही बीळ झालेले नव्हते. शेवटी पिंपेच्या पिंपे पाणी ओतून एक बाहेर काढला. सबंध दिवस, बंदुकधारी शिपायांची पलटण आणि एक ओली खार! एप्रिल १८०५ मध्ये हा प्राणी, चार मॅगपाय पक्षी आणि एक माळकोंबडी अशी जिवंत भेट त्यांनी नावेने अध्यक्षांना पाठवली. नदीने न्यू ऑर्लिन्स, समुद्राने बाल्टिमोर आणि तिथून वॉशिंग्टन. ऑगस्टमध्ये पेटारे उघडले तेव्हा एक मॅगपाय आणि हे खारराव तेवढे जिवंत होते. मला या प्रसंगाचे फार कौतुक वाटते. माल कुठून निघाला, किती निघाला, किती पोहोचला, सगळे कागदावर आहे.

पण प्रेअरी डॉग पाण्याने बाहेर काढता येतो. कोणता कंद खाण्याजोगा आणि कोणता विषारी हे पाणी ओतून कळत नाही. त्यासाठी कोणीतरी सांगावे लागते. आणि इथेच रोजकीर्द वाचण्यासारखी होते.

सप्टेंबर १८०५ मध्ये बिटररूट डोंगररांगा ओलांडताना या लोकांची अक्षरशः उपासमार झाली. स्वतःची शिंगरे मारून खाण्यापर्यंत वेळ आली. क्लार्क काही माणसांसह पुढे उतरला तेव्हा त्याला नेझ पर्स जमातीचे लोक भेटले. त्यांनी वाळवलेला सामन मासा आणि 'कामास' नावाच्या कंदाच्या भाकऱ्या खाऊ घातल्या. उपाशी पोटी अधाशासारखे खाल्ल्याने सगळी पलटण आजारी पडली हा भाग निराळा. पण त्या भाकऱ्यांनी ती जगली. पुढच्या वर्षी परतताना, ११ जून १८०६ ला, लुईसने या कामासवर अनेक पाने लिहिली. पाने कशी, फूल कसे, कंद केवढा हे तर आहेच. त्यापुढे, जमिनीत खड्डा करून त्यात दगड तापवायचे, वर गवत पसरायचे, कंदांचा थर द्यायचा, पुन्हा गवत, वर माती आणि त्यावर जाळ, अशी भाजण्याची सगळी रीत आहे. दुसऱ्या दिवशी त्याने लिहिले की फुललेले कामासचे माळ लांबून पाहिले तर निळ्या स्वच्छ पाण्याचे तळे वाटते. हे ज्ञान लुईसच्या डोक्यातले नव्हे. खड्डा खणणाऱ्या आणि कंद भाजणाऱ्या बायकांचे आहे, आणि त्याने ते लपवलेलेही नाही.

कोलंबियाच्या खालच्या पाणथळीत 'वापाटो' नावाचा कंद होई. बायका छातीइतक्या थंड पाण्यात उतरत, तळच्या चिखलातून पायांनी कंद सोडवत. तो तरंगत वर आला की बरोबरच्या होडीत टाकत. ही रीतही रोजकीर्दीत आहे. १८०५-०६ चा पावसाळी हिवाळा फोर्ट क्लॅटसप येथे काढताना लुईसने एकामागून एक वनस्पती आणि प्राण्यांची वर्णने लिहिली. त्यांतल्या एका खाद्य मुळाचे तर त्याने क्लॅटसप लोकांचे नावच, जसे कानाला ऐकू आले तसे, लिहून ठेवले. फेब्रुवारीत त्या लोकांनी लहान, अतिशय स्निग्ध मासे आणले. लुईसने वहीच्या पानावर मजकुराच्या मधोमध त्या माशाचे चित्र काढले, आणि तो काडीला टोचून नुसता भाजावा, दुसरे काही लागत नाही, अशी पाककृतीही दिली.

हे सगळे बोलणे कोणत्या भाषेत झाले असेल? आपल्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्यांनी याचा विचार अवश्य करावा. मे १८०६ मध्ये नेझ पर्स प्रमुखांशी सभा झाली तेव्हा लुईस-क्लार्कचे इंग्रजी बोलणे एका शिपायाने फ्रेंचमध्ये सांगितले. ते शार्बोनो या फ्रेंच व्यापाऱ्याने हिदात्सा भाषेत आपल्या पत्नीला, सकागावियाला, सांगितले. ती जन्माने शोशोनी; लहानपणी पळवून नेलेली. तिने ते शोशोनीत सांगितले आणि तिथे असलेल्या एका शोशोनी मुलाने नेझ पर्स भाषेत. पाच भाषा! उत्तर परत यायचे ते याच वाटेने. कडेवर तान्हे मूल घेऊन निघालेली ही सोळा-सतरा वर्षांची मुलगी मध्ये नसती, तर साखळी तिथेच तुटली असती. एप्रिल १८०५ मध्ये, मोहिमेबरोबर निघून तीन दिवस झाले नव्हते तोच, काठीने जमीन टोचून उंदरांनी साठवलेली खाण्याजोगी मुळे तिने काढून आणली होती. तीही नोंद आहे.

मग खतावणीत काय झाले?

आधी नुकसानीचे सांगतो. १८०५ च्या उन्हाळ्यात मिसुरीच्या मोठ्या धबधब्यापाशी नमुन्यांचा एक साठा जमिनीत पुरून ठेवला होता. जुलै १८०६ मध्ये उघडला तर नदीचे पाणी शिरून सगळ्या वनस्पती कुजून गेलेल्या. जे वाचले ते फिलाडेल्फियाला आले. वनस्पतींचे काम फ्रेडरिक पुर्श या जर्मन अभ्यासकाकडे गेले. तो काही नमुने घेऊन लंडनला गेला आणि १८१४ च्या त्याच्या उत्तर अमेरिकेच्या वनस्पतींवरील लॅटिन ग्रंथात मोहिमेतल्या अनेक वनस्पती प्रथम छापून आल्या. लुईस तोपर्यंत हयात नव्हता. ऑक्टोबर १८०९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याचा करुण अंत झाला. त्याच १८१४ साली मोहिमेचा वृत्तांतही निघाला, पण निसर्गविषयक भाग बार्टन नावाच्या प्राध्यापकांनी वेगळ्या खंडात लिहायचा असे ठरल्याने त्यातून बहुतेक गाळला होता. बार्टन १८१५ मध्ये वारले. तो खंड कधी निघालाच नाही.

शास्त्राचा नियम असा की जो प्रथम रीतसर वर्णन छापेल, त्याच्या नावावर जात जमा. त्यामुळे मोहिमेने १८०४ सालीच पाहिलेला आणि वर्णन केलेला कायोट टॉमस से यांच्या नावावर १८२३ मध्ये चढला. ग्रिझली अस्वल आणि प्राँगहॉर्न हरिण १८१५ मध्ये जॉर्ज ऑर्ड यांच्या खात्यात गेले. लुईस-क्लार्कची बाजू प्रथम मांडली ती १८९३ साली एलियट काउझ यांनी, टिपांसह वृत्तांत पुन्हा काढून. मग १९०४-०५ मध्ये मूळ वह्या छापल्या गेल्या, १९६९ मध्ये कटराइट यांचा ग्रंथ आला आणि १९८३ ते २००१ या काळात गॅरी मोल्टन यांनी नेब्रास्का विद्यापीठातर्फे सगळ्या वह्यांची तेरा खंडांची आवृत्ती सिद्ध केली. थोडक्यात, लुईसचे बुडालेले श्रेय वसूल करायला विद्वानांच्या चार पिढ्या खपल्या. ते योग्यच झाले. पण हीच माणसे त्याच वह्या चाळत होती, आणि त्याच पानांवर, त्याच ओळींत, माहिती देणारेही होते. त्यांची वसुली एवढ्या नेटाने कोणी केली?

बिटररूट या फुलाचे उदाहरण घ्या. ऑगस्ट १८०५ मध्ये शोशोनी लोकांकडची ही वाळलेली मुळे लुईसने उकडून चाखली. ती इतकी कडू लागली की त्याला मळमळले. उरलेली त्याने त्या लोकांनाच देऊन टाकली आणि त्यांनी ती आवडीने खाल्ली. पुढच्या जुलैत त्याने ते झाड दाबून घेतले. फिलाडेल्फियात त्या सुकलेल्या मुळांना पुन्हा कोंब फुटले, म्हणून पुर्शने नाव ठेवले 'लुइसिया रेडिविवा': लुईसची, पुन्हा जिवंत झालेली. आज ते माँटाना राज्याचे राज्यपुष्प आहे. ज्याला ती मुळी घशाखाली उतरली नाही त्याच्या नावावर ती झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या जी माणसे तिच्यावर जगली ती खातेवहीत 'किरकोळ'मध्येही नाहीत. कामासचे नशीब जरा बरे. त्याच्या 'कामासिया क्वामाश' या शास्त्रीय नावात नेझ पर्स लोकांचा शब्द टिकून राहिला आहे. शब्द आहे, ज्यांच्याकडून घेतला त्यांचा उल्लेख नाही.

यावर आमच्या वादविवाद मंडळातल्या एका मित्राचे ठाम मत आहे, की हे सगळे गोरे प्रवासी चोरच. त्यांच्या वह्या वाचूच नयेत. टाळ्या मिळवायला हे ठीक आहे, पण मला ते मान्य नाही. उपाशी असताना, पावसात भिजलेल्या कपड्यांत, पिसवांनी भरलेल्या खोलीत बसून माशाचे कल्ले मोजणे सोपे नाही. शिवाय वह्या न वाचता माहिती देणाऱ्यांचा पत्ता लागणार तरी कसा? पुरावा आरोपीच्याच दप्तरात आहे! दुसऱ्या बाजूचे म्हणतात, मूळ रहिवाशांना झाडे ठाऊक असतील, पण शास्त्राला वर्णन लागते, नमुना लागतो, छापील ग्रंथ लागतो. हेही खरे. पण छापील ग्रंथात सांगणाऱ्याचे नाव घालायला जागा नसते हे मात्र खोटे. आणि ते खोटे असल्याचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावरचा आहे.

मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रीड याने 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅमला छापून घेतला. पहिला खंड १६७८ सालचा, म्हणजे लुईस-क्लार्कच्या सव्वाशे वर्षे आधीचा. त्याच्या आरंभी इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे प्रमाणपत्र आहे. त्याच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोचीनच्या तीन कोकणी वैद्यांचेही आहे, आणि तेही कोकणी भाषेत, नागरी लिपीत. चित्रांवरही वनस्पतींची नावे लॅटिनबरोबर मलयाळी, अरबी आणि नागरी अक्षरांत कोरलेली आहेत. व्हान रीड कोणी संत नव्हता. त्याच्या कंपनीला मसाल्याचा नफा हवा होता आणि सैनिकांसाठी औषधे. तरी त्याने पावती फाडली. सांगणारे कोण, ते काय सांगतात, त्यांची सही, सगळे जागच्या जागी. नंतरच्या लोकांना हे जमले नाही असे नव्हे, त्यांना त्याची गरज वाटली नाही.

आपण तरी काय वेगळे करतो? मासिकाच्या या विभागात जो पळस आहे तो पलीकडच्या कन्नड पानांवर मुत्तुग आहे, आणि परीक्षेत लिहायचा तो 'ब्युटिया', ब्युटच्या अर्ल नावाच्या ब्रिटिश उमरावावरून. तिन्ही नावे पाठ असलेला विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.

श्रेय हा मानाचाच प्रश्न आहे असे कोणी समजू नये, पैशाचाही आहे. मोहीम संपल्यावर शिपायांना दुप्पट पगार आणि ३२० एकर जमीन मिळाली, दोन्ही कप्तानांना १६०० एकर. शार्बोनोला सुमारे पाचशे डॉलर मिळाले. सकागावियाला काही नाही. क्लार्कचा गुलाम यॉर्क सबंध वाट बरोबर चालला होता. त्यालाही काही नाही. आणि ज्या यादीला आपण निसर्गाची यादी म्हणतो, ती सेंट लुईसच्या फरच्या व्यापाऱ्यांनी शिल्लक मालाची यादी म्हणून वाचली. मिसुरीच्या वरच्या भागात बीव्हर मुबलक आहे एवढे एकच वाक्य त्यांना पुरे होते. मोहीम घरी पोहोचायच्या आतच जॉन कोल्टर हा शिपाई परवानगी घेऊन दोन सापळेवाल्यांबरोबर उलट फिरला. पुढच्या तीन-चार दशकांत तिथला बीव्हर जवळजवळ संपवला गेला. ज्या गव्यांच्या कळपांपुढे क्लार्कचे मोजमाप थकले, त्यांची हॉर्नडे यांनी १८८९ साली मोजदाद केली तेव्हा सबंध खंडात हजारभर उरले होते. जून १८०४ मध्ये कॅन्सस नदीच्या मुखापाशी क्लार्कने पुष्कळ पोपट पाहिल्याचे लिहिले आहे. त्या कॅरोलिना पोपटाचा पाळीव म्हणून राहिलेला शेवटचा पक्षी १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. आणि १८७८ मध्ये आयडाहोत बॅनॉक लोक लढाईला उठले, त्यामागच्या कारणांत वसाहतवाल्यांच्या डुकरांनी कामासचे कंद उकरून खाल्ले हेही एक होते. कामास कोणाचे, हा प्रश्न तेव्हा लॅटिन नावाचा राहिला नव्हता.

म्हणून माझी सूचना साधी आहे. पाठ्यपुस्तकांतून आणि प्रश्नमंजूषांतून 'शोध लावला' हे शब्द काढावेत, 'नोंद केली' असे लिहावे, आणि पुढे माहिती कोणाची तो रकाना ठेवावा. वह्यांत तारखा आहेत, ठिकाणे आहेत, जमातींची नावे आहेत. रकाना भरायला फार कष्ट नाहीत. जिथे व्यक्तीचे नाव मिळत नाही तिथे तसे लिहावे. कामासच्या खात्यावर ते असे दिसेल: नोंद करणारा, मेरिवेदर लुईस, ११ जून १८०६. छापणारा, फ्रेडरिक पुर्श, लंडन, १८१४. माहिती देणाऱ्या, कंद खणून भाजणाऱ्या नेझ पर्स स्त्रिया. नावे लिहून घेतलेली नाहीत. येणे बाकी.